फिल्म दाखवण्यापूर्वी थोडेसे

(मंडळाच्या मदतनिधी संध्याकाळी, वसतिगृहाची फिल्म सुरू होण्याआधी आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला पंधरा मिनिटे दिली आहेत, आणि आत स्वयंपाकघरात बटाटेवडे तळून तयार आहेत याचे भान ठेवून बोला असेही बजावले आहे. आम्ही म्हणजे मंडळाच्या तांत्रिक समितीतले तिघे. तिघेही पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे भाषणाची सवय नाही. पण गेल्या वेळेची फिल्म ज्यांनी पाहिली, किंवा पाहण्याचा प्रयत्न केला, त्यांना आम्ही थोडा हिशेब देणे लागतो. आपण पैसे देता, तर पैशांचा हिशेब कोषाध्यक्ष देतात. फिल्मचा हिशेब आमच्याकडे.

२०२४ च्या कार्यक्रमाला जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण बीड जिल्ह्यातल्या ज्या वसतिगृहाला मदत करतो, तिथे ऊसतोड कामगारांच्या मुली राहतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे गाव सोडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत हा कोयता फिटेपर्यंत परत यायचे नाही. पोरांना बरोबर नेले की शाळा गेली. मागे ठेवायचे तर कोणाकडे ठेवायचे? त्या पाच-सहा महिन्यांत मुलींना सांभाळते ते हे वसतिगृह.

तिथल्या बाईंनी आपल्याला फोटो पाठवले होते आणि फोनवर स्वतःच्या आवाजात माहिती सांगितली होती. व्हिडिओ नव्हते, कारण तिथले इंटरनेट फोटो पाठवतानाही धापा टाकते. त्या फोटोंची आणि आवाजाची आम्ही फिल्म केली. आणि या हॉलमध्ये ती कशी चालली? आवाज पुढे जात राहिला, चित्र मागे अडकत राहिले. बाई एका मुलीबद्दल सांगत होत्या, घरातली दहावी पास होणारी ती पहिलीच, आणि पडद्यावर पाण्याची टाकी. टाकी चांगली वीस सेकंद होती. लोक हसले. हसण्याबद्दल कोणालाही दोष नाही, आम्हालाही हसू आले असते. पण दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, "फिल्म कशी झाली? लोकांना आवडली का?" आम्ही म्हटले, "छान झाली." हे वाक्य वर्षभर आमच्या घशात अडकले आहे.

दुसरे नुकसान नंतर कळले. फिल्मच्या शेवटच्या चित्रावर अगदी खाली एक ओळ होती, गिफ्ट एडचा फॉर्म भरा म्हणून. आपल्याला ठाऊकच आहे, इथे कर भरणाऱ्याने तेवढी सही केली की प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात, १०० पौंडांचे १२५ होतात, आणि देणाऱ्याच्या खिशातून एक पेनीही जास्त जात नाही. ती ओळ या हॉलच्या पडद्याने कापून टाकली. दिसलीच नाही. फॉर्मचा गठ्ठा टेबलावर तसाच राहिला. कोषाध्यक्ष काकांनी आम्हाला काहीही म्हटले नाही, फक्त गठ्ठा आणून आमच्या हातात दिला.

तेव्हा आम्ही ठरवले की या वर्षी आधी चाचणीची चित्रफीत करायची. खरी फिल्म नंतर. म्हणजे मुलींचे फोटो न वापरता, साध्या पाट्यांची फिल्म करायची, ती या हॉलमध्ये, याच पडद्यावर, याच स्पीकरवर चालवायची, आणि जे काही बिघडायचे ते पाट्यांवर बिघडू द्यायचे.

आता तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखे काय आहे? स्थिर चित्रांपासून चाचणीची फिल्म करायची आणि ती दाखवून पैसे उभे करायचे, ही गोष्ट मराठी माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेली आहे, आणि तिचा आपल्या या शहराशी संबंध आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके लंडनला आले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, त्यांच्या ओळखीने वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि परत गेले. पण कॅमेरा आला म्हणून भांडवल येत नाही. तेव्हा दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि दिवसामागून दिवस एकेक चित्र घेत गेले. सगळी चित्रे एकामागून एक चालवली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बी रुजले, कोंब वर आला, वेल चढला. 'अंकुराची वाढ' हे त्या फिल्मचे नाव. ती पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला, सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनीही हातभार लावला, आणि ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

इंजिनिअर असल्यामुळे आम्हाला एक खोड आहे, ती सांगतो. ही गोष्ट नेहमी 'रोज एक चित्र, महिनाभर' अशी सांगतात. त्या काळच्या मूकपटांचा वेग साधारण सेकंदाला सोळा चित्रे धरला, तर महिन्याभराची तीस चित्रे दोन सेकंदांतच संपतात. दोन सेकंदांच्या फिल्मवर कोण कर्ज देईल? तेव्हा दादासाहेबांनी एका दिवसाला एकाहून बरीच जास्त चित्रे घेतली असणार. म्हणजे चित्र किती वेळ धरायचे हा प्रश्न त्यांनाही पडलाच असणार. आमचे सगळे घोटाळे याच प्रश्नापाशी सुरू होतात.

आम्ही जे साधन वापरले त्याचे नाव एफएफएमपेग. २००० साली फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने ते सुरू केले, आणि तेव्हापासून जगभरचे लोक ते फुकट वाढवत आले आहेत. यात बटणे नाहीत, चित्रे नाहीत, माऊसला काही काम नाही. एक काळी खिडकी उघडायची आणि तीत हुकूम टाइप करायचा. घरच्यांना वाटते आपण काहीतरी हॅक करतो आहोत. प्रत्यक्षात आपण किराण्याची यादी लिहितो आहोत: हे चित्र घे, ते पुन्हा पुन्हा फिरव, सेकंदाला पंचवीस फ्रेम धर, सहा सेकंद चालव, या नावाने ठेव. बस.

बटणांचे सोपे प्रोग्राम सोडून हे का, असे आमच्या घरीही विचारले गेले. कारण एकच. बटणे दाबून केलेली फिल्म दुसऱ्या दिवशी हुबेहूब पुन्हा करता येत नाही, कोणते बटण कधी दाबले ते आठवत नाही. लिहिलेला हुकूम मात्र वहीत राहतो. एक फोटो बदलला की तोच हुकूम पुन्हा चालवायचा. आणि पुढच्या वर्षी आमच्याऐवजी दुसरे कोणी समितीत आले तर त्यांच्या हातात वही देता येते.

यादीतला एक जिन्नस विसरला तर काय होते ते आम्ही पहिल्याच रात्री शिकलो. 'चित्र पुन्हा पुन्हा फिरव' असे सांगितले आणि 'सहा सेकंद' सांगायचे राहून गेले. यंत्राला कंटाळा येत नाही. आम्ही झोपलो, ते फिरवत बसले. सकाळी उठून पाहतो तो एकाच पिवळ्या पाटीची कित्येक तासांची फिल्म तयार, आणि तरी अजून चालूच. मुख्य आश्चर्य पुढे आहे. एवढ्या लांब फिल्मच्या मानाने फाइल अगदीच किरकोळ होती.

ती का, हे कळले आणि गेल्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीचे कोडे सुटले. व्हिडिओची फाइल प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवते आणि मधल्या फ्रेमसाठी आधीच्यापेक्षा काय बदलले तेवढेच लिहून ठेवते. स्थिर पाटीत काहीच बदलत नाही, म्हणजे लिहायला काहीच नाही. अशी फिल्म कोणत्याही जुन्या खटाऱ्यावर चालते. आम्ही २०२४ साली घरी चाचणी केली होती बरे का. एक फोटो घेतला होता, पाच मिनिटांची फिल्म केली होती, आमच्या स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर चालवली होती, आणि खूश होऊन झोपलो होतो. खऱ्या फिल्ममध्ये मात्र प्रत्येक फोटो हळूहळू जवळ येत होता, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये सगळे चित्र बदलत होते. शिवाय फोटो जसेच्या तसे घेतलेले, ४००० बाय ३००० ठिपक्यांचे, म्हणजे फ्रेमला एक कोटी वीस लाख ठिपके. हा पडदा १९२० बाय १०८० चा, त्याला वीस लाखांच्या थोडे वर पुरतात. जवळजवळ सहापट ओझे आम्ही मंडळाच्या म्हाताऱ्या लॅपटॉपच्या पाठीवर लादले. आवाजाला थांबता येत नाही, चित्राला थांबता येते, म्हणून चित्र थांबले. टाकीवर.

म्हणजे आमची चाचणी झाली होती, पण ती सोप्या पेपरची होती. पास होणारच.

या वर्षी म्हणून दोन तऱ्हेच्या चाचण्या केल्या. एक स्थिर पाट्यांची, क्रम, वेळ आणि कडा पाहण्यासाठी. दुसरी मुद्दाम छळणारी, जिच्यात प्रत्येक फ्रेम आधीच्याहून वेगळी असेल. एफएफएमपेगच्या पोटातच अशी चित्रे तयार करण्याची सोय आहे. रंगांच्या पट्ट्या आणि पळणारे सेकंद दाखवणारे एक चित्र आहे, आणि मँडेलब्रॉटच्या नक्षीत सतत खोल शिरत जाणारे एक आहे. हे दुसरे मंडळाच्या लॅपटॉपवर पाच मिनिटे न अडखळता चालले, तेव्हा आम्ही चहा घेतला. फोटो जवळ आणण्याच्या हुकुमातही एक गंमत आहे. चित्र हळू सरकवताना तो ठिपक्यांचा हिशेब पूर्णांकात करतो, आणि फोटो थरथरतो. चेहरा थंडीने कुडकुडल्यासारखा दिसतो. आधी चित्र बरेच मोठे करायचे, मग सरकवायचे, आणि शेवटी पडद्याच्या मापाला आणायचे, की थरथर डोळ्यांना जाणवत नाही.

किरकोळ अडचणी भरपूर आल्या, त्या सगळ्या सांगत नाही. एक मात्र वारंवार येते म्हणून सांगतो. फोटोची रुंदी किंवा उंची विषम आकड्यात असेल तर यंत्र तक्रार करून काम बंद करते. आम्हाला आधी वाटले, हा काय सोवळेपणा? पण कारण आहे. नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा साठवतात, आणि रंग मात्र दोन बाय दोन अशा चार ठिपक्यांत मिळून एक. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही, म्हणून ही काटकसर खपते. विषम आकडा आला की शेवटच्या ठिपक्याला जोडीदार मिळत नाही. एका ठिपक्याची काळी पट्टी कडेला लावली की भागते. आणि पीएनजी जातीच्या चित्रापासून फिल्म करताना ही काटकसर आपण स्वतः सांगावी लागते. नाही सांगितली तर यंत्र सगळा रंग जसाच्या तसा ठेवते, फिल्म आपल्याकडे झकास चालते, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर काळा पडदा. 'माझ्याकडे तर चालत होती' हे आमच्या धंद्यातले सर्वांत जुने वाक्य आहे.

देवनागरीचा त्रास वेगळाच. पाटीवर 'शिक्षण' लिहायला सांगितले तर जुन्या आवृत्तीने 'श' आधी काढला आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर, 'क्ष'चा 'क्' वेगळा आणि 'ष' वेगळा. बाईंनी पाहिले असते तर पट्टीच घेतली असती. अक्षरे जोडून मांडणारा वेगळा भाग यंत्रात असावा लागतो, अलीकडच्या आवृत्त्यांत तो आहे, पण मंडळाच्या लॅपटॉपवरची आवृत्ती जुनी. शेवटी मराठी मजकूर आम्ही चित्रातच लिहून घेतला आणि यंत्राला वाचायलाच दिला नाही.

आता सतराव्या फोटोची गोष्ट.

या वर्षी बाईंनी ४१ फोटो पाठवले. मागच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपने फोटो दाबून बारीक केले होते, म्हणून या वेळी 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असे सांगितले होते. बाई रोज रात्री जरा रेंज येते तेव्हा चार-पाच पाठवायच्या. आम्ही त्यांना १ ते ४१ क्रमांक दिले, ४२ वी गिफ्ट एडची पाटी. मग एक दिवस बाईंचा फोन आला. "सतरा नंबरचा फोटो काढून टाका. तिची आई नको म्हणते." आम्ही कारण विचारले नाही. बाईंनीच सांगितले की आई कर्नाटकात फडावर आहे, तिच्यापर्यंत निरोप पोचायला आणि उलटा यायला आठ दिवस लागले, म्हणून सांगायला उशीर झाला.

आम्ही फोटो काढून टाकला आणि तसाच हुकूम चालवला. फिल्म तयार झाली, कुठेही तक्रार नाही, चूक नाही. फक्त चार मिनिटांऐवजी १ मिनिट ३६ सेकंदांची झाली. सोळा फोटो, प्रत्येकी सहा सेकंद, आणि संपली. क्रमांकाने चित्रे वाचणारा हा हुकूम १, २, ३ असे मोजत जातो आणि एखादा आकडा सापडला नाही की मुकाट्याने समजतो, चित्रे संपली. ओरडत नाही. अठरा ते एकेचाळीस या मुली रांगेत उभ्याच राहिल्या.

मग आम्ही पद्धत बदलली. आता चित्रांची एक यादी साध्या फाइलमध्ये लिहितो, प्रत्येक नावाखाली ते किती सेकंद धरायचे तो आकडा. बाईंच्या बोलण्याप्रमाणे कुठे चार सेकंद, कुठे नऊ. एखादा फोटो काढायचा तर त्याच्या दोन ओळी खोडायच्या, बाकीच्यांना धक्का नाही. चाचणीपुरते सगळ्यांना सहा सेकंद दिले. हिशेब सोपा: ४१ चित्रे, २४६ सेकंद, सेकंदाला २५ प्रमाणे ६१५० फ्रेम. यंत्राकडून फ्रेम मोजून घेतल्या तर आल्या ६००१. म्हणजे शेवटचे चित्र सहा सेकंदांऐवजी फक्त एक फ्रेम, सेकंदाचा पंचविसावा भाग! या यादीच्या पद्धतीत शेवटच्या चित्राचा आकडा यंत्र मानत नाही, ते नाव खाली पुन्हा एकदा लिहावे लागते. आणि शेवटचे चित्र कोणते? तेच. गिफ्ट एडचे. सलग दुसऱ्या वर्षी कोषाध्यक्ष काकांसमोर उभे राहायची पाळी एका ओळीने टळली.

सतराव्या फोटोने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती लाज वाटण्यासारखी आहे. त्या मुलीचा फोटो काढून टाका म्हटल्यावर आम्ही शोधायला लागलो की तो कुठेकुठे आहे. तिघांच्या लॅपटॉपवर होता. एका पेनड्राइव्हवर होता. चाचणी म्हणून केलेल्या दोन अर्धवट फिल्ममध्ये होता, त्यांतली एक आम्ही एकमेकांना लिंकने पाठवली होती, आणि ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला उघडत होती. आणि २०२४ ची फिल्म, तिच्यातल्या सगळ्या मुलींसकट, या हॉलच्या संगणकावर तशीच पडलेली होती. वर्षभर. इथे रोज बॅडमिंटनवाले येतात, योगवाले येतात, वाढदिवस होतात. कोणी उघडली असेल असे नाही. पण त्या आईला आपण काय सांगणार होतो?

ते सगळे पुसले. एकेक ठिकाणी जाऊन. तेव्हापासून नियम असा की चाचणीत मुलींचे फोटो नाहीत. चाचणीला पाट्या. इमेजमॅजिक नावाचे असेच एक हुकमी साधन आहे, त्याच्याकडून एका ओळीत ४१ पाट्या करून घेतल्या. प्रत्येकीचा रंग वेगळा, मधोमध मोठा आकडा, कडेला चौकट. माप मात्र खऱ्या फोटोंइतकेच, उभे-आडवेही तसेच. फोन आडवा धरून काढलेला फोटो काही साधने सरळ दाखवतात, काही कुशीवर झोपवतात, म्हणून दोन-तीन पाट्या मुद्दाम आडव्या करून ठेवल्या. खरे फोटो शेवटच्या दिवशी त्याच नावांनी त्या जागी ठेवले आणि तोच हुकूम एकदा चालवला. एकदाच.

पाट्यांवर काय असावे यासाठी आम्ही इथल्याच एका जुन्या पाटीकडे पाहिले. या देशात ज्यांना तीस-चाळीस वर्षे झाली त्यांना बीबीसीचे टेस्ट कार्ड एफ आठवत असेल, १९६७ पासूनचे. कार्यक्रम नसताना पडद्यावर ती मुलगी दिसायची, फळ्यावर फुली-गोळा खेळणारी, शेजारी विदूषकाची बाहुली. जॉर्ज हर्सी हे बीबीसीचे इंजिनिअर, आणि ती त्यांची आठ वर्षांची मुलगी कॅरोल. दिसायला गोड चित्र, पण त्यातले काहीही उगाच नाही. फळ्यावरची एक फुली बरोबर पडद्याच्या मध्यावर. चारी कडांना त्रिकोण, चित्र कुठे कापले जाते ते दाखवणारे. आपल्याकडेही दूरदर्शनवर संध्याकाळचे कार्यक्रम सुरू होण्याआधी रंगीत पट्ट्या लागायच्या, आणि पन्नाशी ओलांडलेली मंडळी सांगतात की त्या पट्ट्यांकडेही लोक पाहत बसायचे.

आम्ही कडेचे त्रिकोण घेतले, मध्यावरची फुली घेतली, आणि आत पाच टक्क्यांवर एक चौकट व दहा टक्क्यांवर दुसरी. हॉलवाल्यांनी बॅडमिंटन आणि आपली तालीम यांच्यामध्ये अर्धा तास दिला होता. पहिलीच पाटी लावली आणि खालचा त्रिकोण गायब. पाच टक्क्यांची चौकटही खालून अर्धी. म्हणजे ओळ कुठे गेली होती ते दिसले. पडद्याच्या सेटिंगमध्ये चित्र ताणून कडा कापण्याची एक सवय असते, ती बंद केली. तरीही भरवसा नको म्हणून गिफ्ट एडची ओळ आता मधोमध आहे. मोठ्या अक्षरांत. तिच्याकडे दुर्लक्ष करायचे तर डोळे मिटावे लागतील.

कॅरोलचा चेहरा मात्र आम्हाला उपयोगी नव्हता. गोरा चेहरा बरोबर दिसला म्हणजे सगळे चेहरे बरोबर दिसतात, अशी या धंद्यातली जुनी समजूत होती. कोडॅकचे रंग जुळवण्याचे कार्डही कित्येक वर्षे गोऱ्या बाईच्या फोटोचेच असे, त्याला शर्ली कार्ड म्हणत. आपल्या मुली उन्हातल्या. या हॉलमध्ये खिडक्यांचे पडदे पुरते बंद होत नाहीत, आणि अर्धवट उजेडात पडद्यावर सगळ्यात आधी नाहीसे होतात ते गडद भाग. चेहऱ्याचा नुसता आकार राहतो, डोळे जातात. म्हणून पाटीवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या पायऱ्या काढल्या, आणि शेजारी आमच्यातल्या एकाचा फोटो लावला, आमच्यात रंगाने जो सर्वांत सावळा त्याचा. तो म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा या गुणावर निवड झाली." प्रोजेक्टरचा भडक मोड काढून सिनेमाचा मोड लावला, वरचे दोन दिवे बंद केले, एका खिडकीवर काळे कापड टाचले, तेव्हा खालून तिसरी पायरी वेगळी दिसू लागली आणि आमच्या मित्राचे डोळे पडद्यावर आले. ते कापड आत्ताही तिथे आहे, कृपया ओढू नये.

आवाजाचे शेवटी. सेकंदाला एकदा पांढरी पाटी चमकते आणि त्याच क्षणी 'टुक' वाजते अशी फिल्म केली. पुढे उभे राहिलो तर बरोबर. शेवटच्या रांगेत गेलो तर टुक मागे पडते. हॉलची लांबी वीस मीटर, ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दीड फ्रेमचा उशीर. तो देवाघरचा, त्याला इलाज नाही आणि तो कोणाला कळतही नाही. पण पुढेसुद्धा उशीर ऐकू यायला लागला तेव्हा कळले की कोणीतरी प्रेमाने नवा बिनतारी स्पीकर जोडला आहे. बिनतारी स्पीकर आवाज जरा साठवूनच बाहेर सोडतो. जुना तारेचा लावला. फोटोंच्या फिल्मला ओठांशी आवाज जुळवायचा नसतो, तेव्हा एवढी काळजी कशाला, असे तुम्ही विचाराल. पण शेवटी वीस सेकंदांचा एक खरा व्हिडिओ आहे. बाईंनी तो तालुक्याच्या गावी जाऊन तिथून पाठवला. त्यात मागच्या वर्षीची, पाण्याच्या टाकीआड गेलेली ती मुलगी स्वतः बोलते. ती आता बारावीला आहे. तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी बाईंनी लिहून घेतली आहे.

बाईंना या वेळी फिल्म आधी दाखवली. पाट्यांचीही पाठवली होती, तर वसतिगृहातल्या मुलींनी तीच तीन-चार वेळा लावून आकडे मोठ्याने म्हटले म्हणे. धाकट्या मुलींना एक ते एकेचाळीस पाठ आहेत.

आता दिवे बंद करतो. सुरुवातीला दहा सेकंद चाचणीची पाटी दिसेल, तिच्या चार कडांना चार पिवळे त्रिकोण आहेत. मागच्या रांगेतल्या काका-काकूंपैकी ज्यांना खालचा त्रिकोण दिसत नसेल, किंवा पाटीवरच्या आमच्या मित्राचे डोळे दिसत नसतील, त्यांनी कृपया हात वर करावा. आम्ही थांबतो.